ऑयलर्सचा २०२३-२४ चा सीझन: यशस्वी म्हणायचा की वाया गेला?

उत्तरवारा | २ जुलै २०२४

आठवडा उलटून गेला तरी इथे कॅनडात, एडमंटनमध्ये हा एकच वाद चालू आहे. ऑफिसातल्या लोकांशी भांडून आता कंटाळा आलाय, म्हणून आपल्या माणसांत विचारतो. स्टॅन्ली कप फायनलची सातवी मॅच २-१ ने हरलेल्या संघाचा सीझन यशस्वी धरायचा की नाही?

ज्यांना आइस हॉकीचा गंध नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. एनएचएल ही कॅनडा-अमेरिकेतली लीग, स्टॅन्ली कप हा तिचा चषक. ३२ संघ, प्रत्येकाच्या ८२ मॅच. जिंकलात तर २ गुण, ओव्हरटाइममध्ये हरलात तर १, साठ मिनिटांतच हरलात तर भोपळा. मग १६ संघ प्लेऑफला जातात, चार फेऱ्या असतात, आणि प्रत्येक फेरीत जो आधी चार मॅच जिंकेल तो पुढे. ऑक्टोबरात सुरू झालेलं हे लचांड जूनमध्ये संपतं.

एडमंटन ऑयलर्सनी सुरुवात केली तीच व्हँकुव्हरकडून ८-१ असा मार खाऊन. नोव्हेंबरात सॅन होजेकडून हरले, आणि त्या सॅन होजेने तोवर अख्ख्या सीझनमध्ये एकच मॅच जिंकली होती. ११ तारखेला सिएटलला हरवून आले आणि दुसऱ्या दिवशी कोच जे वुडक्रॉफ्टला नारळ मिळाला. तेव्हा हिशेब होता ३ विजय, ९ पराभव आणि ओव्हरटाइममधली १ हार. लोकांनी तिकिटं विकायला काढली होती हो!

नवा कोच आला क्रिस नॉब्लॉक. मग सलग ८ विजय, मधे ३ पराभव, आणि त्यानंतर सलग १६ विजय. शेवटी ४९ विजय, १०४ गुण. प्लेऑफमध्ये लॉस एंजेलिस, व्हँकुव्हर, डॅलस अशा तिघांना गारद करून २००६ नंतर पहिल्यांदा फायनल. फ्लोरिडाविरुद्ध पहिल्या तीन मॅच हरले, पुढच्या तीन ८-१, ५-३, ५-१ अशा जिंकले. आणि सातवी गेली.

माझ्या मते हा सीझन यशस्वी. बायको म्हणते, हरले ते हरले. तुम्ही सांगा.

कोकणकडा | २ जुलै २०२४

आम्हाला हॉकी म्हणजे ध्यानचंद आणि शाळेच्या मैदानातली धूळ. हे बर्फावरचं प्रकरण पहिल्यांदाच इतकं सोपं करून कुणी सांगितलं. वाचतोय.

कॅल्गरीकर | २ जुलै २०२४

प्रश्नच चुकीचा आहे. कप आला का? नाही. मग कसलं यश?

(होय, मी फ्लेम्सवाला, म्हणजे कॅल्गरीच्या संघाचा. होय, आम्ही प्लेऑफलाही पोचलो नाही. तरीही.)

उत्तरवारा | २ जुलै २०२४

आलात का! वाटच बघत होतो. ऑक्टोबरात कॉमनवेल्थ स्टेडियमवर उघड्यावर मॅच झाली, तिचा निकाल आठवतोय ना? ५-२. अवांतर वाटल्यास सोडून द्या.

मोगरा_७ | २ जुलै २०२४

कॅल्गरी आणि एडमंटनमध्ये नक्की काय वैर आहे? नकाशात तर शेजारी दिसतात.

कॅल्गरीकर | २ जुलै २०२४

@मोगरा_७, तीनेक तासांचं अंतर. पुणं-मुंबई समजा, फक्त दोघांनाही वाटतं की आपण पुणं.

आकडेबाज | ३ जुलै २०२४

उत्तरवारा, तुमच्या लिखाणात नॉब्लॉक हा अवतारी पुरुष झालाय. तसं नाहीये ते.

सुरुवातीच्या तेरा मॅच बघितल्यात तर ऑयलर्स प्रतिस्पर्ध्यांपेक्षा जास्त शॉट मारत होते, चांगल्या जागेवरून मारत होते. पक (चेंडूऐवजी असते ती चकती) आत जात नव्हता, आणि स्वतःच्या जाळ्यात मात्र जवळजवळ प्रत्येक चुकीची शिक्षा मिळत होती. दोन्ही गोलींचा (गोलरक्षकांचा) सेव्ह परसेंटेज, म्हणजे शंभरातले किती शॉट अडवले तो आकडा, ८८ च्या खाली होता. या लीगमध्ये ९० म्हणजे काठावर पास. त्यात कर्णधार कॉनर मॅकडेविड दुखापतीने दोन मॅच बाहेर होता, आणि बचावाची नवी पद्धत खेळाडूंच्या अंगवळणी पडलेली नव्हती. हे सगळं कायम तसंच राहणार नव्हतं. वुडक्रॉफ्टला अजून एक महिना दिला असता तर त्याच्याही नावावर सहा-आठ सलग विजय लागले असते.

दुसरं, जॅक कॅम्पबेल. पाच वर्षांचा करार, वर्षाला ५० लाख डॉलर. पाच मॅचनंतर त्याला खालच्या लीगमध्ये बेकर्सफील्डला पाठवला, तो सीझनभर परतला नाही. ८ कोटी ३५ लाखांची पगारमर्यादा असताना एवढी रक्कम अशी अडकून पडते, तेव्हा ते फायनलपर्यंत गेले हेच नवल. परवा ३० तारखेला त्याचा करार पैसे देऊन मोडला.

मूळ प्रश्नाचं उत्तर: यशस्वी, पण कारणं तुमची नाहीत.

थंडोबा | ३ जुलै २०२४

आकडेबाज यांच्याशी निम्मा सहमत. आकडे सावरलेच असते, मान्य. पण नॉब्लॉकने एक गोष्ट केली जी कागदावर दिसत नाही. तो ओरडत नाही. आठ-एक वर्षांपूर्वी ज्युनियरमध्ये, ईरी ऑटर्सला, मॅकडेविड याच्याच हाताखाली खेळला होता. बेंचमागे तो माणूस उभा असतो तेव्हा चेहऱ्यावरून संघ ४-० ने पुढे आहे की मागे हे कळत नाही. नोव्हेंबरात सगळ्या शहराचं डोकं फिरलेलं असताना तसा एकजण हवाच होता.

शिवाय पॉल कॉफीला बचावपटूंसाठी सहायक कोच म्हणून आणलं. ऐंशीच्या दशकातल्या कपवाल्या संघातला. त्यानंतर बचावपटू एव्हन बुशार्ड जो सुटला तो सुटलाच.

गोलीची_आई | ३ जुलै २०२४

आकडेबाज, प्रत्येक वेळी गोलीच्या डोक्यावर खापर फोडायचं हे मला झेपत नाही. माझा मुलगा गोली आहे (वय १२, मिसिसॉगा), तेव्हा पक्षपात गृहीत धरा.

काचेमागे उभं राहून बघा कधीतरी. पक येतो तो समोरून येतच नाही. मधे दोन आपले, दोन त्यांचे, चार जोड्या पाय आणि एक भलामोठा माणूस मुद्दाम डोळ्यांसमोर पाठ करून उभा. गोली पक बघत नसतोच, कोणाच्या तरी गुडघ्याशेजारून दिसणाऱ्या स्टिकचं पातं बघत असतो. पातं वळलं की त्या बाजूला खाली बसायचं. चुकलं तर अठरा हजार लोक ‘अरेरे’ करतात आणि मागे लाल दिवा लागतो.

ऑयलर्सचा गोली स्टुअर्ट स्किनर एडमंटनचाच पोरगा. व्हँकुव्हरविरुद्ध गोल खाल्ले म्हणून चौथ्या आणि पाचव्या मॅचला त्याला बाकावर बसवून कॅल्विन पिकार्डला उतरवलं. गावातल्या माणसाने गावासमोर बाकावर बसायचं! सहाव्या मॅचला परत आला, सातवी जिंकून दिली. मग डॅलसविरुद्धची सहावी मॅच: अख्ख्या मॅचमध्ये ऑयलर्सचे शॉट १०, डॅलसचे तीसच्या वर, आणि निकाल २-१ ऑयलर्स. ती कोणी जिंकली?

अवांतर: गोलीच्या किटबॅगचा वास. जानेवारीत गाडीच्या काचा उघडता येत नाहीत. एवढंच सांगते.

मोगरा_७ | ३ जुलै २०२४

हसून हसून पुरेवाट! आमच्याकडे कबड्डीचे मोजे आहेत, तेव्हा समदुःखी.

आकडेबाज | ३ जुलै २०२४

@गोलीची_आई, नोव्हेंबरचा स्किनर आणि जूनचा स्किनर हे दोन वेगळे मुद्दे आहेत. डॅलसची मॅच त्याचीच, वादच नाही. अर्थात दोन्ही गोल पॉवर प्लेवर, म्हणजे शिक्षेमुळे समोर एक खेळाडू कमी असताना, आले हे विसरू नका. पहिला मॅकडेविडचा. दोघा-तिघांच्या मधून पक असा नेला की बचावपटू अजून वळतच होते, आणि बॅकहँडने वरच्या कोपऱ्यात.

पानशेत | ४ जुलै २०२४

उत्तरवाऱ्याला क्रिकेटमधून विचारतो. १९ नोव्हेंबर २०२३, अहमदाबाद. त्याआधी सलग दहा विजय. मग ऑस्ट्रेलिया. तो वर्ल्ड कप तुम्ही यशस्वी म्हणता?

उत्तरवारा | ४ जुलै २०२४

पानशेत, तिथेच बोट ठेवलंत. त्या दिवशी नाही म्हणालो असतो. आज विचाराल तर तो संघ मला परवाच्या बार्बाडोसवाल्या संघाइतकाच आवडतो.

बाय द वे, २४ जून हा दिवस इथल्या आपल्या लोकांचा कसा गेला ऐका. सकाळी साडेआठला सेंट लुशियात भारत-ऑस्ट्रेलिया सुरू. रोहितने ४१ चेंडूंत ९२ ठोकल्या. घरोघरी ऑफिसची मीटिंग एका खिडकीत आणि मॅच दुसरीत. जिंकलो. मग संध्याकाळी सहाला फ्लोरिडातली सातवी मॅच. रॉजर्स प्लेसच्या, म्हणजे ऑयलर्सच्या स्टेडियमच्या, बाहेर पाय ठेवायला जागा नव्हती, निळ्या-केशरी जर्सीत पगडीवाले, हिजाबवाल्या, म्हातारे युक्रेनियन, सगळे.

फ्लोरिडाच्या व्हरहेगीने पहिला गोल केला, आपल्या यानमार्कने बरोबरी साधली, दुसऱ्या पीरियडमध्ये त्यांच्या राइनहार्टने २-१ केलं. शेवटी गोलीला बाहेर काढून सहावा खेळाडू उतरवला, त्यांचा गोली बॉब्रोव्स्की, त्याच्या समोर पक लोळतोय, सगळे त्यावर तुटून पडलेत, आणि तो काही रेषेपलीकडे जात नाही.

चिंच_गूळ | ४ जुलै २०२४

आम्ही पुण्यात ती मॅच पहाटे साडेपाचला बघितली. रोहितची खेळी संपवून झोपलो न झोपलो तोच उठलो. भावाने जागं ठेवलं, भाऊ तिथे शिकायला आहे. निकाल लागल्यावर फोनवर तो काही बोलेना, शेवटी आईने घेतला आणि विचारलं, ‘जेवलास का?’

हाफ_सेंच्युरी | ४ जुलै २०२४

@पानशेत, मी सांगतो. अयशस्वी. वर्ल्ड कप खेळायला जातात तो आणायला जातात. बाकी सगळी स्वतःची समजूत.

टोरांटोचा_टोणगा | ५ जुलै २०२४

लीफ्सचा, म्हणजे टोरांटोच्या संघाचा माणूस या धाग्यावर बोलायला पात्र आहे का? आमचा शेवटचा कप १९६७ चा. या वर्षीही पहिल्याच फेरीत बॉस्टनसमोर सातव्या मॅचच्या ओव्हरटाइममध्ये घरी. आम्हाला फायनल हरायला मिळाली तर आम्ही मिरवणूक काढू.

वर झॅक हायमन. २०२१ ला आमच्याकडून ऑयलर्सकडे गेला. या सीझनला ५४ गोल. ५४! जाळ्यासमोर उभं राहायचं, पाठीत दणके खायचे आणि पडलेला पक ढकलायचा हा त्याचा धंदा. आमच्याकडे असताना लोक त्याला ‘मेहनती’ म्हणायचे. एखाद्या मुलीचं स्थळ सुचवताना ‘स्वभावाने चांगली’ म्हणतात तसं.

मोगरा_७ | ५ जुलै २०२४

टोणगा, शेवटचं वाक्य मागे घ्या. बाकी प्रतिसाद आवडला.

टोरांटोचा_टोणगा | ५ जुलै २०२४

घेतलं ताई. एका पराभवाची भर.

बॉस्टनकट्टा | ५ जुलै २०२४

हाफ_सेंच्युरी यांच्यासाठी एक उदाहरण. २०२२-२३, बॉस्टन ब्रुइन्स. ८२ पैकी ६५ विजय, १३५ गुण, दोन्ही आकडे लीगच्या इतिहासातले विक्रम. पहिल्या फेरीत ३-१ ने पुढे होते आणि तिथून हरले. कोणाकडून? याच फ्लोरिडाकडून. तेच फ्लोरिडा त्या वर्षी फायनलला जाऊन व्हेगासकडून पाच मॅचमध्ये हरलं. आणि या वर्षी कप घेऊन गेलं.

म्हणजे फ्लोरिडाचा २०२३ चा सीझन ‘अयशस्वी’ होता, तर २०२४ चा कप कुठून उगवला? तोच कर्णधार, तोच गोली, तोच कोच. मी टीडी गार्डनमध्ये ती सातवी मॅच बघायला होतो. बाहेर पडताना कोणी कोणाशी बोलत नव्हतं, पार्किंगवाल्याने सुद्धा पैसे मुकाट्याने घेतले.

थंडोबा | ५ जुलै २०२४

यालाच जोडून. सलग १७ विजयांचा विक्रम पिट्सबर्ग पेंग्विन्सचा, १९९२-९३. ऑयलर्स १६ वर थांबले, ६ फेब्रुवारीला व्हेगासमध्ये ३-१ हरले. पण पेंग्विन्सही त्या वर्षी दुसऱ्याच फेरीत आयलँडर्सकडून बाहेर पडले होते. त्या वर्षीचा कप माँट्रियलने जिंकला, आणि तेव्हापासून कॅनडातल्या एकाही संघाला तो मिळालेला नाही. एकतीस वर्षं! ऑयलर्सच्या डोक्यावर सबंध देशाचं ओझं टाकलं होतं लोकांनी. माझ्या शेजारच्या आजी कॅनक्सच्या (व्हँकुव्हरच्या संघाच्या) भक्त, त्यांनी जूनमध्ये दारात ऑयलर्सचा झेंडा लावला.

कॅल्गरीकर | ५ जुलै २०२४

मी नाही लावला.

लेह_रिटर्न | ६ जुलै २०२४

थोडं अवांतर करतो. जानेवारीत लेहला गेलो होतो. गोठलेल्या तळ्यावर पोरं-पोरी हॉकी खेळतात, भल्या सकाळी, कारण ऊन चढलं की बर्फाचा वरचा थर मऊ पडतो. कडेला मोठी माणसं चहाचे थर्मास घेऊन. मुलींचा खेळ बघून मी तासभर थंडी विसरलो. भारताच्या महिला संघात बहुतेक सगळ्या लडाखच्या. २०१७ मध्ये बँकॉकला फिलिपिन्सविरुद्ध त्यांनी पहिला आंतरराष्ट्रीय विजय मिळवला, ४-३. वर्षातले दोन-अडीच महिनेच नैसर्गिक बर्फ मिळतो, बाकी वेळ सराव रोलर स्केट्सवर.

त्यांना विचारा सीझन यशस्वी कधी म्हणायचा. म्हणतील, बर्फ मार्चपर्यंत टिकला तर.

कोकणकडा | ६ जुलै २०२४

हे छान. वेगळा धागा काढा, फोटोंसकट.

ब्रॅम्प्टनवाडा | ६ जुलै २०२४

कोणी पंजाबी समालोचनाचा उल्लेखच केला नाही! २००८ पासून टीव्हीवरचं हॉकी नाइट इन कॅनडा पंजाबीत येतं. हरनारायण सिंग, अल्बर्टातल्या ब्रूक्सचा. २०१६ च्या फायनलमध्ये बोनिनो या खेळाडूच्या गोलवर ‘बोनिनो बोनिनो बोनिनो’ करून त्याने अमेरिकेत सुद्धा नाव काढलं. माझे सासरे सातारचे, इंग्रजी समालोचन त्यांना पळतं वाटतं, पंजाबी निम्मं कळतं, आणि त्यावर ते खूष असतात. मराठीत कधी?

चिंच_गूळ | ६ जुलै २०२४

‘पक डाव्या अंगाने आत, आणि हा, हा, हाऽऽ गोऽऽल!’ मी अर्ज करते.

आकडेबाज | ७ जुलै २०२४

पुन्हा मुद्द्यावर. मॅकडेविडने प्लेऑफमध्ये ८ गोल आणि ३४ असिस्ट (दुसऱ्याच्या गोलसाठी दिलेले पास) केले, एका प्लेऑफमधल्या असिस्टचा विक्रम ग्रेट्स्कीचा होता तो मोडला. हरलेल्या संघात असून प्लेऑफच्या सर्वोत्तम खेळाडूची कॉन स्माइथ ट्रॉफी मिळाली. गोली सोडून असं याआधी फक्त १९७६ ला रेगी लीचच्या बाबतीत झालं होतं. पण फायनलच्या शेवटच्या दोन मॅचमध्ये त्याच्या नावावर एकही गुण, म्हणजे गोल किंवा असिस्ट, नाही. हेही लिहून ठेवा.

हाफ_सेंच्युरी | ७ जुलै २०२४

आणि ती ट्रॉफी घ्यायला तो बर्फावर आलाच नाही. हा उद्धटपणा नाही का?

गोलीची_आई | ७ जुलै २०२४

उद्धटपणा कसला? समोर दुसऱ्यांचा जल्लोष चाललाय, प्रेक्षक हुर्यो उडवताहेत, त्यात जाऊन हसऱ्या चेहऱ्याने फोटो काढायचा? ड्रेसिंग रूममध्ये आपल्या लोकांपाशी थांबला, बरोबर केलं.

पानशेत | ७ जुलै २०२४

मला तर तिथेच हाफ_सेंच्युरींचं म्हणणं पटलं होतं. त्या माणसाला स्वतःला विचारा सीझन यशस्वी झाला का. त्याने उत्तर देऊन टाकलंय.

उत्तरवारा | ७ जुलै २०२४

पानशेत, खेळाडूने तसं मानायलाच हवं, नाहीतर तो तिथवर पोचणारच नाही. मी प्रेक्षक आहे, माझा हिशेब निराळा असू शकतो. १३ जानेवारीची संध्याकाळ: बाहेर उणे चाळीसच्या खाली पारा, वीज अपुरी पडतेय, अनावश्यक दिवे बंद करा असा सरकारी इशारा सगळ्यांच्या मोबाइलवर किंचाळत आला. टीव्ही आवश्यक की अनावश्यक यावर घरात चर्चा. माँट्रियलमध्ये मॅच चालू होती. दिवे बंद केले, हीटर कमी केला, टीव्ही ठेवला. बुशार्डने ओव्हरटाइममध्ये जिंकून दिली, सलग दहावा विजय. हा हिवाळा मला त्या संघामुळे सुसह्य झाला. याला यशाच्या कोणत्या खात्यात टाकायचं ते तुम्ही ठरवा.

थंडोबा | ७ जुलै २०२४

+१. आणि ०-३ वरून फायनल सातव्या मॅचपर्यंत नेणारे ऑयलर्सच्या आधी दोनच संघ: १९४२ चं टोरांटो, जे जिंकलं, आणि १९४५ चं डेट्रॉइट, जे हरलं.

टोरांटोचा_टोणगा | ७ जुलै २०२४

आमचा उल्लेख चांगल्या संदर्भात! स्क्रीनशॉट काढला.

कॅल्गरीकर | १९ जून २०२५

धागा वर काढतोय. कारण सांगायची गरज आहे का? पुन्हा फायनल, पुन्हा फ्लोरिडा, या वेळी सहा मॅचमध्येच खेळ खलास. शेवटच्या मॅचमध्ये एकट्या राइनहार्टचे चार गोल. आता बोला, ‘यशस्वी’.

आकडेबाज | १९ जून २०२५

चौथ्या मॅचला ०-३ वरून ५-४ जिंकले, ड्रायसाइटलने ओव्हरटाइममध्ये संपवली, ते काय कमी होतं? पण हो, यंदा फ्लोरिडा सरस होतं. गेल्या वर्षी एका गोलाचं अंतर होतं, यंदा संघाच्या डेप्थचं होतं. तिसरी आणि चौथी फळी बर्फावर आली की खेळ फ्लोरिडाकडे झुकायचा.

हाफ_सेंच्युरी | १९ जून २०२५

लागोपाठ दोन. माझं मत होतं तेच आहे.

बॉस्टनकट्टा | १९ जून २०२५

माझं मात्र थोडं सरकलं. पहिल्या वर्षी हरून पुढच्या वर्षी जिंकणाऱ्या फ्लोरिडाचं उदाहरण मी दिलं होतं, ते इथे लागू पडलं नाही. तरी २०२४ चा सीझन मी २०२५ च्या निकालावरून मोजणार नाही. ३-९-१ वरून तिथवर जाणं हे २०२४ चंच आहे.

उत्तरवारा | २० जून २०२५

बॉस्टनकट्टा, बाय डिफॉल्ट सहमत. २०२४ यशस्वी, मत कायम. २०२५ बद्दल विचाराल तर मी आज रजेवर आहे.

बायको विचारतेय, ऑक्टोबरची तिकिटं काढायची का. स्वस्तात मिळताहेत म्हणे.

कॅल्गरीकर | २० जून २०२५

आमच्याविरुद्धची काढा. मी येतो, जेवण तुमच्याकडे.

मोगरा_७ | २० जून २०२५

मेन्यू ठरला की इथे टाका. आणि नव्या सीझनला नवा धागा काढा हो, हा उघडायला माझा मोबाइल आता कुरकुर करतो.